स्वच्छतेची रसायने आणि घराचे आरोग्य

दसरा-दिवाळी जवळ आली, की घरोघरी साफसफाईची लगबग सुरू होते. जळमटे निघतात, माळे रिकामे होतात आणि वाण्याच्या यादीत फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर यांची भर पडते. एके काळी चुलीतील राख, नारळाची शेंडी, चिंच आणि रिठे यांवर भागणारे हे काम आता डझनभर बाटल्यांवर येऊन ठेपले आहे. यातील प्रत्येक बाटलीत वेगळे रसायन असते. त्याचे काम जसे वेगळे, तसा त्याचा धोकाही वेगळा असतो. दुर्दैवाने सुगंध आणि रंग पाहून बाटली निवडणारा ग्राहक तिच्यावरील बारीक अक्षरांतील मजकूर क्वचितच वाचतो.

कोणत्या बाटलीत काय?

शौचकूप स्वच्छ करणाऱ्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. पाण्यातील क्षारांचे पिवळट थर ते विरघळवते. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी जे दाणे टाकतात, त्यांतील मुख्य घटक कॉस्टिक सोडा होय. हे तीव्र अल्क चिकट चरबीचे साबणात रूपांतर करते. पांढरे कपडे उजळवणारे द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. काळे फिनेल कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांचे, तर पांढरे फिनेल प्रामुख्याने पाइन वृक्षाच्या तेलाचे असते.

आम्लाचा वापर सर्वत्र करता येत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर आम्ल पडले, की फेस येतो आणि पृष्ठभाग झिजून खडबडीत होतो. टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंटही आम्लाने खाल्ले जाते. न्हाणीघर लखलखीत करण्याच्या नादात सांधे उघडे पडतात आणि पुढे खालच्या मजल्यावर ओल उतरू लागते.

मिश्रणाचा मोह टाळा

एका द्रावणाने डाग निघाला नाही, की त्यावर दुसरे ओतण्याची सवय सर्वाधिक घातक आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले, तर क्लोरिन वायू बाहेर पडतो. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील यप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडलेला वायू तो हाच. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साठतो आणि फरशी घासणारी व्यक्ती बहुधा उकिडवी बसलेली असते. शहरी सदनिकांतील लहानशा, बंद न्हाणीघरात थोडा वायूही डोळे चुरचुरणे, खोकल्याची उबळ आणि श्वास कोंडणे यांस पुरेसा ठरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मिसळणेही याच कारणाने वर्ज्य आहे. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. ब्लीचशी संयोग झाल्यास त्यापासून क्लोरामाइन हे दाहक वायू तयार होतात. कॉस्टिक सोडा आणि आम्ल एकत्र आल्यास प्रचंड उष्णता निर्माण होऊन द्रावण अंगावर उसळू शकते.

जंतुनाशकांचा अतिरेक

२०२० च्या करोना साथीने हायपोक्लोराइट घराघरांत पोहोचवले. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारण्याचे प्रकार वाढल्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूचनापत्र काढून त्यास मनाई केली. वस्तुतः मळलेल्या पृष्ठभागावर ब्लीचचा प्रभाव घटतो. म्हणून आधी साबणपाण्याने मळ काढावा, मग आवश्यक तेथे पातळ केलेले ब्लीच लावून काही मिनिटे राहू द्यावे. ऊन आणि उष्णता यांमुळे ब्लीचचे विघटन होते. त्यामुळे जुनी बाटली निरुपयोगी ठरू शकते. हात धुण्यासाठी तर साधा साबण पुरेसा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसनसह १९ जंतुनाशक घटकांना हात व अंग धुण्याच्या उत्पादनांत मज्जाव केला. साध्या साबणापेक्षा ते अधिक परिणामकारक असल्याचे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते.

सुगंध म्हणजे स्वच्छता नव्हे. लिंबाच्या वासासाठी वापरले जाणारे लिमोनिन हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड निर्माण करते. दम्याच्या रुग्णांना उग्र सुवासिक फवारे विशेष त्रासदायक ठरतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकाला नॅप्थलीनच्या, म्हणजे डांबराच्या, गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

झळ कोणाला?

या वाफांची झळ घरमालकापेक्षा घरकाम करणाऱ्या स्त्रीला अधिक बसते, कारण ती दिवसाकाठी अनेक घरांची न्हाणीघरे घासते. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या २० वर्षांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी किंवा व्यवसाय म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटल्याचे त्यांत आढळले. रबरी हातमोजे, उघडी खिडकी आणि कोणती बाटली कशात मिसळायची नाही याची स्पष्ट सूचना, एवढे तरी तिला मिळायलाच हवे.

सोपे पर्याय

रोजच्या फरशीसाठी कोमट पाणी आणि चमचाभर सौम्य साबण पुरतो. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने उजळतात, कारण त्यांतील आम्ल धातूवरील काळपट थर विरघळवते. तेलकट ओट्यासाठी धुण्याचा सोडा उत्तम. मात्र खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र करून ठेवण्यात अर्थ नाही. फेस ओसरला, की दोन्ही परस्परांना निष्प्रभ करतात.

अपघात घडल्यास

कोणतेही द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. मुले ते सरबत समजून पितात. आम्ल किंवा अल्क पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण घसा आणि अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. उतारा म्हणून लिंबू किंवा सोडा पाजू नये. तोंड पाण्याने धुऊन मूळ बाटलीसह रुग्णालय गाठावे. डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. वायूचा त्रास झाल्यास रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर, तर विषबाधेविषयी सल्ल्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राशी १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधता येतो.