कातरलेले खलिते

पेशव्यांच्या काळी हैदराबाद, दिल्ली, नागपूर अशा ठिकाणी ठेवलेले वकील व बातमीदार जी पत्रे पुण्यास धाडीत, ती धन्याने ऐकावीत, कारभाऱ्यांनी त्यांवर मसलत करावी आणि मग ती रुमालात बांधून दफ्तरी ठेवावीत, अशी रीत होती. मोहीम कोणत्या बातमीच्या आधारे निघाली हे रयतेस सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण रयतेची संमती कोणी मागतच नव्हते. इंग्लंडात मात्र मंत्रिमंडळास पार्लमेंटापुढे जाब द्यावा लागत असल्याने परराष्ट्रव्यवहाराचे कागद छापून सभासदांच्या हाती ठेवण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात रुळला, आणि निळ्या वेष्टनावरून ‘ब्ल्यू बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथांमुळे सरकारच्या युद्धांची कारणे प्रजेला आता मूळ कागदांवरूनच पारखता येतील, असा विश्वास निर्माण झाला. हा विश्वास कितपत सार्थ होता याची कसोटी १८३८ ते १८४२ या काळात झालेल्या पहिल्या अफगाण युद्धाने पाहिली.

त्या युद्धाच्या मुळाशी मुंबई लष्करातील एका अधिकाऱ्याचे खलिते होते. अलेक्झांडर बर्न्स हा स्कॉटलंडातील माँट्रोझ गावचा तरुण मध्य आशियाचा प्रवास करून आणि त्यावर ग्रंथ लिहून प्रसिद्धीस आलेला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड याने त्यास वरकरणी व्यापाराची बोलणी करण्याकरिता काबूलच्या अमिराकडे पाठविले व तो सप्टेंबर १८३७ मध्ये तेथे पोचला. अमीर दोस्त महंमद खान याचे मागणे एकच होते: १८३४ साली रणजितसिंगाने घेतलेले पेशावर परत मिळावे, निदान त्याबाबत इंग्रजांनी रदबदली करावी. त्याच हिवाळ्यात इराणच्या शहाने हेरातला वेढा घातला होता, रशियाच्या वकिलाचे त्यास उत्तेजन होते, आणि डिसेंबरात विट्कीविच नावाचा रशियन अधिकारी काबुलात येऊन दाखल झाला. या पाहुण्यास भेट द्यावी की न द्यावी हा सल्ला अमिराने खुद्द बर्न्सला विचारला, त्याने आणलेली पत्रे त्यास दाखविली, आणि इंग्रजांची मैत्री मिळत असेल तर अन्य कोणत्याही सत्तेशी आपणास कर्तव्य नाही असा निर्वाळा दिला. बर्न्सने हे सर्व वरिष्ठांस कळविले. दोस्त महंमदासारखा कर्तबगार पुरुष शत्रू होऊ देण्याऐवजी त्यासच हाताशी धरावे, हे त्याच्या लिखाणाचे सार होते.

परंतु सिमल्यास बसलेल्या सरकारची मसलत निराळीच चालली होती. ऑकलंडचा सचिव विल्यम मॅक्नॉटन आणि लुधियान्याचा पोलिटिकल एजंट क्लॉड वेड यांचा ओढा शहा शुजाकडे होता. काबूलचा हा पदच्युत शहा जवळजवळ तीस वर्षे परागंदा होता व ईस्ट इंडिया कंपनीच्या तनख्यावर लुधियान्यात राहत होता, आणि १८३४ मध्ये गादी परत घेण्याचा त्याने केलेला प्रयत्न कंदाहारपाशी पुरता फसला होता. काबुलातील कंपनीचा अखबारनवीस चार्ल्स मॅसन हाही या बेतास अनुकूल नव्हता व अखेर त्याने नोकरी सोडली. जागेवर राहून बातमी देणारे एक सांगत होते आणि शेकडो कोसांवरचे कारभारी दुसरेच ठरवीत होते. १ ऑक्टोबर १८३८ रोजी सिमल्याहून जो जाहीरनामा निघाला, त्यात दोस्त महंमदाने शिखांवर विनाकारण हल्ला केला, त्याचे हेतू हिंदुस्थानच्या सरहद्दीस घातक आहेत, आणि शहा शुजा अफगाणांत लोकप्रिय असल्याचे जाणकारांनी एकमुखाने सांगितले आहे, असा मजकूर होता. पेशावर मुळात कोणी कोणाचे घेतले होते याचा खुलासा त्यात नव्हता, आणि ‘एकमुखाने’ या शब्दाखाली बर्न्सचे विरोधी मत पुरून टाकले गेले.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या संकटाच्या नावाने ही सिद्धता चालली होती ते संकट जाहीरनाम्यापूर्वीच टळले होते. इराणी फौजेने ९ सप्टेंबरलाच हेरातचा वेढा उठविला होता. ती वार्ता पोचल्यावर ८ नोव्हेंबरच्या हुकुमाने सरकारने ती मान्य केली, पण मोहीम मात्र पुढे चालूच राहील असे त्याच हुकुमात सांगितले. मुंबई लष्कराची तुकडी सर जॉन कीन याच्या हाताखाली समुद्रमार्गे सिंधूच्या मुखाकडे निघाली. तीत १८१७ च्या पुणे तहान्वये पेशव्यांच्या खर्चाने उभारलेले ‘पूना ऑक्झिलिअरी हॉर्स’ हे घोडदळही होते, आणि या मोहिमेतील गझनीच्या लढाईचा मान त्याच्या निशाणावर आजही नोंदलेला आहे. पुण्याचे रेसिडेंट व मुंबईचे गव्हर्नर म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०९ साली पेशावरास याच शहा शुजाच्या दरबारी वकील होऊन गेले होते व अफगाण राज्यावर त्यांनी आधारभूत ग्रंथही लिहिला होता. काबूल घेणे कठीण नाही, पण त्या दरिद्री, थंड व दुर्गम मुलखात या शहाला गादीवर टिकविणे अशक्यप्राय आहे, असे त्यांनी बर्न्सला खासगी पत्रातून बजावले. निर्णय आधीच झालेला असल्यामुळे या इशाऱ्याचा उपयोग झाला नाही.

१८३९ च्या प्रारंभी, फौजा मार्गस्थ असतानाच, युद्धाच्या समर्थनार्थ ब्ल्यू बुक पार्लमेंटापुढे आले. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष हॉबहाउस होता आणि परराष्ट्रमंत्री पामर्स्टन. या ग्रंथात बर्न्सचे खलिते छापले होते खरे, पण त्यांतून दोस्त महंमदाच्या बाजूची वाक्ये, परिच्छेद, कोठे कोठे सबंध पत्रे काढून टाकलेली होती. अमिराविषयीच्या तक्रारी राहिल्या आणि त्याच्या कैफियती गळाल्या. रशियाचे मन दुखावू नये म्हणूनही काही मजकूर वगळण्यात आला. छापलेली वाक्ये बर्न्सचीच होती, सरकारने पदरचे काही घातले नव्हते. तथापि कातरीने असत्य निर्माण करण्यास लेखणीची गरज पडत नाही. दोस्त महंमद गादीवर असता त्याच्यासाठी काही तरी त्वरेने करा, असा जो धोशा बर्न्सने लावला होता, तो शहा शुजास बसविण्याचा आग्रह म्हणून वाचकांपुढे आला, आणि हे पाहून खुद्द बर्न्सने खासगी पत्रांतून त्यास लबाडी म्हटले.

येथे बर्न्सलाही निर्दोष ठरविता येत नाही. जून १८३८ मध्ये सरकारने त्याचे मत मागविले तेव्हा दोस्त महंमदाची त्याने शिफारस केली, पण शहा शुजालाच बसवायचे ठरले असेल तर तेही थोडक्या फौजेनिशी सहज साधेल, असेही लिहून दिले. पुढे ‘सर’ ही पदवी व बढती स्वीकारून तो त्याच मोहिमेबरोबर गेला. ऑगस्ट १८३९ मध्ये शहा शुजा काबुलात शिरला, आणि २ नोव्हेंबर १८४१ रोजी उसळलेल्या बंडात पहिल्याच दिवशी बर्न्स आपल्या घरी मारला गेला. डिसेंबरात मॅक्नॉटनचा वध झाला. जानेवारी १८४२ मध्ये सुमारे साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे काबूल सोडून बर्फातून जलालाबादेकडे निघाले, त्यांतले बहुतेक वाटेतच मेले किंवा कैदेत पडले. त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते, आणि खर्चही हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला. शहा शुजाचा खून झाल्यावर इंग्रजांनी एव्हाना आपल्या कैदेत असलेला दोस्त महंमद सोडून दिला आणि तो १८६३ पर्यंत निर्वेध राज्य करीत राहिला.

खलित्यांचे खरे स्वरूप पुढे जॉन के याने १८५१ च्या आपल्या इतिहासात चव्हाट्यावर मांडले, आणि १८५९ साली कॉमन्स सभेच्या हुकुमाने वगळलेला मजकूर छापला गेला. मार्च १८६१ मध्ये डनलॉप या सभासदाने चौकशी समितीची मागणी केली. हे कृत्य कोणाच्या हातचे ते शोधून काढा, असा जॉन ब्राइट याने आग्रह धरला. पामर्स्टन त्या वेळी पंतप्रधान होता. बर्न्सची मते सरकारने स्वीकारलीच नव्हती, म्हणून ती छापण्याचे प्रयोजन नव्हते, असे त्याने उत्तर दिले, आणि सभेने ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला. युद्धास अनुकूल नसलेली मते वगळून युद्धाचे समर्थन करायचे, आणि मग ती अनुकूल नव्हती म्हणूनच वगळली असे सांगायचे, हा युक्तिवाद सभेस पटला.

लंडनच्या सभासदांस निदान कातरलेले कागद तरी मिळाले. आपल्याकडे तेवढेही नव्हते. शहा शुजा काबुलात शिरल्यास महिना उलटण्याच्या सुमारास, सप्टेंबर १८३९ मध्ये, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना मुंबई सरकारने पदच्युत केले. देशी पलटणीतील शिपायांस फितविणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी कट करणे, असे आरोप गुप्त चौकशीतल्या जबान्यांवर व पत्रांवर उभे केले होते. महाराजांनी पुरावा व उघड चौकशी मागितली, ती नाकारली गेली, आणि आरोपांची कबुली दिल्यास राज्य ठेवू या अटीवर त्यांनी सही केली नाही. महाराजांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनात त्यांची बाजू मांडीत राहिले. महाराज त्याआधीच, १८४७ मध्ये, काशीस निवर्तले.

असाच प्रश्न पुढेही उभा राहिला. इराकजवळ महासंहारक शस्त्रे आहेत असे सांगणारे पत्रक ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २००२ मध्ये काढले, २००३ मध्ये युद्ध केले, आणि त्या शस्त्रांविषयी जी निश्चिती दाखविली गेली ती समर्थनीय नव्हती हा त्या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिल्कॉट समितीचा निष्कर्ष २०१६ साली आला. काबूलच्या खलित्यांस वीस वर्षे लागली होती, इराकला तेरा लागली. सत्य दोन्ही वेळा बाहेर पडले, पण त्याचा लाभ इतिहासकारास झाला, बर्फात वा वाळवंटात मेलेल्यांस झाला नाही. गुप्त बातमी खरी की खोटी हे सामान्य नागरिकास ठरविता येत नाही, आणि ते त्याचे काम नव्हे. पण ती देणाऱ्याने व्यक्त केलेल्या शंका आणि विरुद्ध मते आपल्यापुढे ठेवलेल्या कागदात आहेत की नाहीत, हे विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्याने फौज कूच करण्यापूर्वी बजावला पाहिजे.