तळटीप : शहागंजातले पोटदुखणे आणि एक जिवाणू

१. लेखकाने शहागंजातल्या आजोबांच्या जठरदाहाचा दोष तिखट रश्श्याला नि काळजीला दिला आहे. त्या काळी डॉक्टरही हेच सांगत. तिखटाने जळजळ वाढते खरी, पण जुनाट दाहामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना तो रुग्णांच्या जठरातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवता आला. युरियापासून अमोनिया तयार करून तो भोवतालचे आम्ल सौम्य करतो, म्हणूनच तिथे टिकतो.

दाह या जिवाणूमुळे होतो हे कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. केवढे हे धाडस! २००५ चे नोबेल दोघांना मिळाले.

संसर्ग बहुधा बालपणी, घरातूनच होतो. दाट वस्ती आणि दूषित पाणी त्याला वाव देतात. शहागंज ज्या शहरात आहे, त्या छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येते, घरोघरी ते साठवावे लागते. म्हणून ही बाब इथे विशेष जिव्हाळ्याची. लागण झालेल्या बहुतेकांना त्रास जाणवत नाही, काहींना मात्र व्रण होतो, क्वचित कर्करोगही. वेदनाशामक गोळ्या आणि दारू ही दाहाची वेगळी कारणे. जिवाणू सापडल्यास प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध साधारण १४ दिवस घ्यावे लागते. — संपा.