वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : पहिल्या भेटीची तयारी

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा (बोलीत ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’) विचार करणारी व्यक्ती शल्यविशारदाला प्रथमच भेटते, त्याआधी करावयाची जुळवाजुळव. या भेटीत तारीख ठरत नाही. शस्त्रक्रिया योग्य आहे का, असल्यास कोणती आणि त्याआधी काय सुधारायला हवे, एवढेच ठरते. दक्षिण व मध्य मुंबईत चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयापासून परळच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांपर्यंत अशा सल्ल्याची सोय आहे. मात्र लालबाग-परळच्या अनेक कुटुंबांचा मधुमेह, रक्तदाब वा थायरॉइडचा पूर्वेतिहास के. ई. एम. (स्थापना १९२६) किंवा अन्य पालिका रुग्णालयाच्या केसपेपरांत असतो. ते केसपेपर तारीखवार लावून नेणे हा तयारीचा पहिला भाग.

पात्रता : वजन (किलोग्रॅम) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग म्हणजे बीएमआय. उंची १.६० मीटर व वजन ९६ किलो असल्यास तो ३७.५ येतो. अमेरिकेतील १९९१च्या निकषांनुसार ४०च्या पुढे, किंवा मधुमेहासारखी सहव्याधी (स्थूलतेसोबतचा आजार) असल्यास ३५च्या पुढे शस्त्रक्रिया सुचवली जाई. त्याच बीएमआयला पाश्चात्त्यांपेक्षा भारतीयांच्या शरीरात चरबी अधिक असते, ती पोटाभोवती साठते आणि मधुमेहही लवकर गाठतो. म्हणून आशियाई लोकांसाठी ३७.५ व ३२.५ असे आकडे बराच काळ वापरात आले. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी, सहव्याधी असो वा नसो, सर्वसाधारण सीमा ३५वर आणली व आशियाई लोकांना २७.५पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे सुचवले. इतक्या खालच्या आकड्यावर शस्त्रक्रिया करावी का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. वजन भेटीच्या आदल्या आठवड्यात मोजावे. घरगुती काटे ठरावीक मर्यादेपुढे आकडा दाखवत नाहीत, अशा वेळी रुग्णालयाच्याच काट्यावर विसंबावे.

विमा : वैद्यकीय निकष खाली आले तरी मेडिक्लेमचे आकडे जुनेच राहिले. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९मध्ये घालून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार ही शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली नाही, पण चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : डॉक्टरांचा सल्ला, त्याला मान्य उपचारपद्धतीचा आधार, वय किमान १८, आणि बीएमआय ४० वा अधिक, किंवा ३५ वा अधिक असून सौम्य उपाय निष्फळ ठरल्यानंतरची गंभीर सहव्याधी. या सहव्याधीही नावानिशी दिल्या आहेत : स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र निद्राश्वासरोध (झोपेत श्वास थांबणे) आणि औषधांनीही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. गुडघेदुखी या यादीत नाही, आणि चाळीच्या जिन्याने हैराण झालेला रुग्ण नेमकी तीच तक्रार घेऊन येतो. वरील ९६ किलोच्या उदाहरणात डॉक्टर होकार देऊ शकतात, पण मधुमेह आटोक्यात नसल्याचा कागद नसेल तर विमा कंपनी नकार देऊ शकते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या, साखरेचे अहवाल, व्यायामशाळेच्या पावत्या असे काहीही टाकून देऊ नये. पॉलिसीची पूर्ण प्रत सोबत न्यावी. कॅशलेसचे कार्ड पुरेसे नाही.

झोप व भूल : प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक रुग्ण तो सांगायचाच विसरतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबून दचकून जाग येणे, सकाळी डोके जड असणे, लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागणे ही निद्राश्वासरोधाची लक्षणे असू शकतात. तो आधी ओळखला गेला तर भुलीची आखणी वेगळी होते, रात्री श्वासासाठी यंत्र वापरून फुप्फुसांची तयारी करून घेता येते. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही, म्हणून त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाला भेटीस न्यावे. एका खोलीच्या बिऱ्हाडात असा साक्षीदार सहज मिळतो. तंबाखूही लपवू नये. लालबाग-परळच्या गिरणगावात चुना-तंबाखूची आणि जुन्या पिढीतील स्त्रियांत मिश्रीची सवय आहे. सिगारेट ओढत नाही म्हणून अनेक जण ‘व्यसन नाही’ असे लिहून देतात. निकोटिनमुळे जखम भरण्यास अडथळा येतो व आतड्याच्या जोडावर व्रण होऊ शकतो.

आहारनोंद : किमान आठवडाभर, जसे खाल्ले तसे लिहावे. भेटीच्या धसक्याने सुधारलेला आहार लिहिला तर ती वही निरुपयोगी. पेये हमखास निसटतात. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. दादर-गिरगावचे पियूष, लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेल्या पुड्यातला येता-जाता घेतलेला मूठभर चिवडा, उपासाची साबुदाणा खिचडी हेही नोंदवावे. घरात महिन्याला किती तेल लागते ते सांगावे : चौघांत पाच लिटर म्हणजे माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर. घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते, आई, सासू किंवा पत्नी, तिने भेटीस यावे. शस्त्रक्रियेनंतरचे द्रव व मऊ आहाराचे आठवडे तिच्याच हातून पार पडतात.

तपासण्या : अगोदर स्वखर्चाने सगळ्या करून घेऊ नयेत, झालेल्या असतील त्या न्याव्यात. छातीत जळजळ व आंबट पाणी येत असल्यास आवर्जून सांगावे. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढणाऱ्या स्लीव्ह पद्धतीनंतर हा त्रास वाढू शकतो, त्यामुळे अशा रुग्णांत बायपासचा (जठराचा लहान भाग थेट आतड्याला जोडण्याच्या पद्धतीचा) विचार होतो.

मानसिक तपासणी : काही केंद्रांत अनिवार्य.

इमान अहमद प्रकरण (शस्त्रक्रियेआधीच्या तयारीचे उदाहरण) : इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या या रुग्णावर सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च २०१७ रोजी स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. वैद्यकीय व्हिसासाठी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मदत केली होती. इमान ११ फेब्रुवारीला मालवाहू विमानाने मुंबईत आल्या. त्यांचे वजन तेव्हा सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले. मधले साडेतीन आठवडे द्रव आहार, भौतिकोपचार व तपासण्यांत गेले. वजनघटीच्या आकड्यांवरून पुढे नातेवाईक व रुग्णालय यांच्यात मतभेद झाले. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला नेण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी त्यांना उचलणाऱ्या क्रेनची छायाचित्रे छापली. तयारीच्या त्या आठवड्यांबद्दल त्या मानाने फार थोडे लिहिले गेले.

स्त्रियांसाठी : शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात. लग्न वा अपत्याचा विचार जवळ असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा, कारण ब१२, लोह व ड जीवनसत्त्वाच्या आयुष्यभराच्या गोळ्यांचे नियोजनही त्यावर बेतावे लागते.

खर्च : रुग्णालय, पद्धत व खोलीच्या वर्गानुसार वेगवेगळा, लेखी अंदाजपत्रक मागून घ्यावे.