बोलणारे कापड

झांझिबारमध्ये गुलाम बायकांच्या वाट्याला दोनच कापडे येत. अमेरिकेहून आलेले मांजरपाट, म्हणजे ‘मेरिकानी’, आणि हिंदुस्थानातून गेलेले निळीत बुडवलेले ‘कानिकी’. दोन्ही बिननक्षीची. १८९७ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या बायकांनी ही कापडे टाकून छापील, रंगीत कांगा जवळ केला, तो आपण आता कोणाच्या मालकीच्या नाही हे गावाला दिसावे म्हणून.

कांगा जोडीने विकतात. एक अंगाभोवती, दुसरा डोक्यावरून. चारी बाजूंचा काठ म्हणजे ‘पिंडो’, मधला भाग ‘म्जी’. म्जी म्हणजे गाव! या गावाच्या खालच्या अंगाला एक ओळ छापलेली असते, पूर्वी अरबी लिपीत, नंतर रोमन. ओळ छापण्याचे श्रेय मोंबासाचे भारतीय वंशाचे व्यापारी कादरदिना हाजी इसाक यांना देतात. त्यांच्या कांग्यावर ‘माली या अब्दुल्ला’ असे असे; अब्दुल्लाचा माल. (शब्द आपल्याला ओळखीचाच.)

पण गिऱ्हाईक बाई व्यापाऱ्याच्या नावासाठी कांगा घेत नाही. नक्षी आवडली तरी ओळ पटली नाही तर ती दुसरा काढायला लावते. ‘हराका हराका हाइना बराका’, घाईला बरकत नाही, ही साधी म्हण झाली. सवतीला, शेजारणीला, नवऱ्याला तोंडावर सुनावता येत नाही, ते बाई नेसून समोरून जाते. कुणी जाब विचारलाच, तर ‘बाजारात हाच मिळाला’ म्हणायला ती मोकळी.