अंबादास खोब्रागडे: अकोल्यात जन्मलेला चित्रकार, ज्याच्या चित्रात हाताची हालचाल हाच विषय आहे

अमूर्त चित्राचा फोटो फेसबुकवर पडला की पहिली कमेंट ठरलेली असते. 'हे तं आमचं पोट्टंही काढीन.' दुसऱ्या कमेंटमध्ये कुणीतरी किंमत विचारतं आणि मग हसण्याच्या इमोजींची रांग लागते.

वाशिमकडच्या मंडळींनी अशी कमेंट टाकण्याआधी एक नाव शोधून पाहायला हरकत नाही. ते नाव म्हणजे अंबादास.

पूर्ण नाव अंबादास खोब्रागडे, पण कलाजगतात ते फक्त 'अंबादास' म्हणूनच ओळखले जातात. जन्म १९२२ चा, अकोल्याचा. आता अकोला वेगळा आणि वाशिम वेगळा असं कुणी म्हणेल. पण इंग्रजांच्या काळातला वाशिम जिल्हा १९०५ मध्ये अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला होता आणि थेट १ जुलै १९९८ ला पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणजे अंबादास जन्मले तेव्हा वाशिम आणि मंगरूळपीर अकोला जिल्ह्यातच होते. तरीही आपल्याच भागात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही.

त्यांच्या चित्रात नेमकं काय असतं?

माणूस नाही, झाड नाही, क्षितिजाची रेषही नाही. ब्रशचे रुंद, वळणारे फटकारे असतात. जवळून पाहिलं तर ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसतात. एक फटकारा दुसऱ्याला जाऊन भिडतो, फुटतो, पुन्हा वळतो. कुणाला त्यात वाहतं पाणी दिसतं, कुणाला खडकातले थर. कॅनव्हासवर प्रत्यक्षात असतो तो हाताच्या हालचालीचा माग.

घर शेणानं सारवताना पाहिलेल्या कुणालाही हे समजायला अवघड नाही. बाई बसल्या जागेवरून हात फिरवते आणि जमिनीवर अर्धगोल उमटत जातात. त्या अर्धगोलाचा आकार ती आधी ठरवत नाही. तिचा हात किती लांब पोहोचतो, शेण किती पातळ आहे, ती कुठून मागे सरकते, यावर तो ठरतो. अंबादास सारवणावरून शिकले असा याचा अर्थ नाही, पण शरीर चित्र कसं घडवतं हे कळायला यापेक्षा जवळचं उदाहरण सापडणार नाही.

मग जगात हे कुणी सुरू केलं?

या प्रकारात सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेच्या जॅक्सन पोलॉकचं. १९४७ च्या सुमारास त्यानं कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि भोवती फिरत वरून रंग ठिबकवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये समीक्षक हॅरोल्ड रोझेनबर्ग यांनी अशा चित्रांना 'ॲक्शन पेंटिंग' हे नाव दिलं. जपानमध्ये १९५४ साली 'गुताई' हा गट उभा राहिला. त्यातला काझुओ शिरागा छताला बांधलेल्या दोराला लोंबकळून पायानं रंगवायचा.

गंमत म्हणजे आपली चित्रं हा योगायोग असतो, हे पोलॉकला मान्य नव्हतं. रंग किती पातळ करायचा, हात किती वेगानं न्यायचा, थांबायचं कधी, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. यालाच चित्रकार अंतःप्रेरणा म्हणतात. सायकल चालवताना तोल कसा सांभाळायचा याचा आपण विचार करत बसत नाही, तसंच काहीसं. पोट्ट्याच्या हातात वेग असतो, पण कुठे थांबायचं हे कळायला वर्षं जातात.

अंबादास तिथपर्यंत पोहोचले कसे?

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९५२ मध्ये डिप्लोमा घेतला. त्यानंतर हातमागासाठी डिझाइन तयार करणाऱ्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. कापडाच्या डिझाइनमध्ये एकच नक्षी पुन्हा पुन्हा, मोजून-मापून बसवावी लागते. त्यांच्या स्वतःच्या कॅनव्हासवर मात्र एकही फटकारा दुसऱ्यासारखा नाही.

१९६२ मध्ये गुजरातेतल्या भावनगरला बारा कलाकार एकत्र आले. ज्या घरात ते जमले त्याचा क्रमांक १८९०, म्हणून गटाचं नावच 'ग्रुप १८९०' पडलं. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख असे लोक त्यात होते, आणि अंबादासही. राजा रविवर्म्याचा वास्तववाद, बंगाल शैलीचा हळवेपणा आणि युरोपची उसनवारी, या तिन्हींवर त्यांनी जाहीरनाम्यात टीका केली. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीत प्रदर्शन भरलं. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं, तर कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत आणि कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी लिहिली. एवढं सगळं होऊनही गटाचं ते पहिलं आणि शेवटचं प्रदर्शन ठरलं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबादास नॉर्वेला गेले आणि ऑस्लोतच राहिले. २०१२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

आणि गायतोंडे?

विदर्भात जन्मलेले दुसरे मोठे अमूर्त चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. तेही जे. जे.चेच. पण त्यांची पद्धत उलटी, संथ. रोलर आणि पॅलेट नाइफनं ते रंगाचे थर चढवत, काढत आणि बराच काळ नुसते बसून राहत. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण होत. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं आणि नाव बातम्यांत आलं. अंबादासांच्या वाट्याला तशी हेडलाइन आली नाही. लिलावाचा आकडा आल्याशिवाय चित्रकाराची बातमी होत नाही, हा आपल्या माध्यमांचा दोष.

अंबादासांची चित्रं दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. मोबाइलवर पाहणार असाल तर आधी झूम करा. एक फटकारा निवडा, तो कुठे सुरू झाला ते शोधा आणि बोट त्याच्यावरून शेवटपर्यंत न्या. रंग कुठे दाट आहे तिथे हात मंदावला होता. केसांचे ओरखडे कोरडे दिसतात तिथे ब्रशमधला रंग संपत आला होता.