पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाची वाहतूक

मोटारगाडीतून उतरवून पूर्ण खोललेले, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडलेले, पण अद्याप एकदाही सुरू न केलेले इंजिन कार्यशाळेतून गाडीपर्यंत सुखरूप नेण्याचे काम. या दुरुस्तीला गॅरेजच्या बोलीत नुसते ‘इंजिनकाम’ म्हणतात. त्यात सिलिंडरांचे बोअर वाढवून होनिंग करणे, क्रँक घासून घेणे, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे बसवणे, हेडच्या व्हॉल्व्हच्या बैठका दुरुस्त करणे हे सारे येते. चालू गाडीतले इंजिन आणि असे इंजिन यांत मोठा फरक आहे. चालू इंजिनात तेलाचा थर, काजळी, थोडाफार गंज यांना जागा असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात धातूचे पृष्ठभाग उघडे आणि जवळजवळ कोरडे असतात, आणि वाटेत झालेली इजा इंजिन सुरू करीपर्यंत दिसत नाही. ती दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा बांधणाऱ्या मिस्त्रीला लागतो.

महाराष्ट्रात असा प्रवास जुन्या गाड्यांच्या वाट्याला अधिक येतो. प्रीमियर पद्मिनी हे त्याचे ठळक उदाहरण. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे 1089 घन सेंमी.चे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात फियाट 1100 चे. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. खाजगी मालकांकडे काही गाड्या अजून आहेत. त्यांना नवे इंजिन मिळत नाही, म्हणून जुनेच बांधून घ्यावे लागते. जाणता मिस्त्री आणि चांगले बोअरिंग मशीन प्रत्येक गावात नसते. गाडी रत्नागिरीत आणि इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अशी वेळ आली की शे-सव्वाशे किलोंचे ते ओझे आंबा घाटाच्या वळणांवरून खाली आणावे लागते.

चेंबरचा प्रश्न : इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे असते, त्याला आपल्याकडे ‘चेंबर’ म्हणतात. ते बहुधा पातळ पत्र्याचे, काही गाड्यांत ओतीव ॲल्युमिनियमचे असते. इंजिन जमिनीवर ठेवताना सगळे वजन नेमके त्यावरच येते, आणि या प्रवासातली सर्वांत घातक चूक हीच आहे. चेंबरच्या आत तळापासून अगदी थोड्या अंतरावर तेलपंपाची जाळी असते. पत्रा आत दबला की तो जाळीचे तोंड अडवतो. इंजिन सुरू होते, आवाजही छान येतो. पण पंपाला पुरेसे तेल मिळत नाही आणि नवी बेअरिंगे पहिल्या काही किलोमीटरांतच जळतात. बाहेरून पाहणाऱ्याला चेंबरला एक पोचा तेवढा दिसतो. ॲल्युमिनियमचे चेंबर दबत नाही, तडकते. निदान गळतीतून ते कळते तरी.

म्हणून वजन ब्लॉकवर घ्यायचे. उत्तम उपाय म्हणजे लाकडी किंवा लोखंडी घोडी, जिच्यावर इंजिन पुढून फाउंडेशनच्या बोल्टांवर आणि मागून बेल हाउसिंगच्या तोंडावर टेकते, आणि चेंबर मधल्या मोकळ्या जागेत लोंबते. फ्लायव्हीलवर किंवा पुढच्या पुलीवर भार येता कामा नये. तो थेट क्रँकवर आणि तेलाच्या सीलवर जातो.

घोडी नसेल तर रिंग काढलेला जुना टायर. शहरी वाचकाला ही युक्ती गावठी वाटेल, पण ती हुशार आहे. टायर आडवा टाकून त्यावर इंजिन ठेवले की चेंबर मधल्या भोकात उतरते, ब्लॉकची खालची कड टायरच्या गालांवर बसते आणि रबर रस्त्याचे धक्के पचवते. टायरची जाडी चेंबरच्या खोलीपेक्षा जास्त हवी आणि खाली प्लायवुडचा तुकडा हवा, एवढेच पाहायचे. उलट, ज्याला ‘इंजिन स्टँड’ म्हणून विकतात आणि ज्यावर मिस्त्री इंजिन फिरवून जोडतो, तो लहान चाकांचा सांगाडा टेम्पोत कधीही चढवू नये. त्यात सगळे इंजिन चार बोल्टांवर एका बाजूने अधांतरी असते. कार्यशाळेच्या सपाट फरशीवर ते शोभते, घाटातल्या वळणावर आडवे होते.

उचलणे : चेन कुप्पी किंवा इंजिन क्रेन लावताना साखळी हेडच्या किंवा ब्लॉकच्या मूळ हुकांत अडकवतात. हुक हरवले असतील तर तेवढ्या ताकदीचे बोल्ट पूर्ण आट्यांनिशी बसवून घ्यावेत. कार्बोरेटरच्या किंवा मॅनिफोल्डच्या स्टडांवर भरवसा ठेवू नये. साखळी जितकी आखूड, तितका ताण जास्त. 140 किग्रॅ.चे इंजिन दोन पायांच्या साखळीने उचलताना प्रत्येक पाय आडव्या रेषेशी 60 अंश करीत असेल तर पायावर सुमारे 81 किग्रॅ. ताण येतो, 45 अंशांत तो 99 होतो आणि 30 अंशांत 140, म्हणजे एकेका पायावर सगळ्या इंजिनाएवढा. गिअरबॉक्स जोडलेला असेल तर तोल मागे झुकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असल्यास टॉर्क कन्व्हर्टर पट्टी लावून अडवावा लागतो. तो पुढे सरकून पंपाच्या दात्यांतून सुटला आणि कोणी तसाच आवळला, तर पंप फुटतो.

तोंडे बंद करणे : इनटेक, एक्झॉस्ट, प्लगची भोके, तेलफिल्टरची जागा, पाण्याच्या नळ्या यांतून आत गेलेला वाळूचा कण नव्या रिंगांवर कानस चालवल्यासारखा काम करतो. ही तोंडे प्लॅस्टिकच्या टोप्यांनी किंवा पत्र्याचा तुकडा गास्केटसह आवळून बंद करावीत. हाताशी असतो म्हणून चिंधीचा बोळा कोंबण्याची सवय सर्वत्र आहे. बोळ्याचे धागे सुटतात आणि एखादा बोळा काढायचा राहूनही जातो. टोप्या मोजून लावाव्यात आणि आकडा ब्लॉकवर खडूने लिहून ठेवावा.

पावसाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे ओल. नुकत्याच होनिंग केलेल्या बिडाच्या बोअरवर दमट हवेत काही तासांतच तांबूस झाक येते. तेलाचा हात फिरवलेला असेल तर ती टळते. इंजिन साध्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळले तर आत घाम सुटतो. गंजरोधक वाफ सोडणारा खास कागद आत आणि ताडपत्री बाहेर, हा क्रम योग्य. जोडताना बेअरिंगांना लावलेले घट्ट वंगण दीर्घकाळ टिकत नाही, म्हणून प्रवास आणि बसवणे यांत आठवडे जाऊ देऊ नयेत. चेंबरमध्ये तेल मुक्कामी पोचल्यावर भरावे. तेल भरलेले इंजिन कुशीवर पडले तर तेल रिंगांवरून सिलिंडरात शिरू शकते. द्रव दाबला जात नाही. त्याच स्थितीत स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बांधणे : रस्त्यावरील मालासाठीच्या युरोपीय आणि अमेरिकी नियमांत पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 0.8 पट, बाजूला आणि मागे 0.5 पट जोर धरतात. म्हणजे 140 किलोंच्या इंजिनाला करकचून ब्रेक दाबताना 112 किलोंचा रेटा पुढे आणि वळणावर 70 किलोंचा रेटा बाजूला जातो. छोटा हत्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एससारख्या टेम्पोत इंजिन पुढच्या फाळक्याला टेकवून ठेवावे आणि चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे ओढावेत. नायलॉनचा दोर ताणतो आणि सैल पडतो. पट्टा टॅपेट कव्हरवरून किंवा डिस्ट्रिब्युटरवरून नेऊ नये. टायरवर ठेवलेले इंजिन पहिल्या पाच-दहा किलोमीटरांत खाली बसते, तेव्हा एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळणे भाग आहे. ड्रायव्हर याला कुरकुरतो. त्याला चहा पाजावा.

थरथर : धक्क्यापेक्षा थरथर निराळी इजा करते. 1930 च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने रवाना झालेल्या नव्याकोऱ्या मोटारगाड्यांची चाकांची बेअरिंगे ग्राहकाकडे पोचण्याआधीच खराब निघू लागली. गाडी उभीच होती, चाक फिरले नव्हते. पण डब्याच्या थरथरीने बेअरिंगचे गोळे एकाच जागी घासत राहिले, तिथले वंगण हटले आणि कड्यांवर खळगे पडले. हे खळगे ब्रिनेल कठिनता चाचणीतील ठशासारखे दिसतात, पण दाबाने पडलेले नसतात, म्हणून त्यांना ‘आभासी ब्रिनेल खुणा’ म्हणता येईल. क्रँकची बेअरिंगे सपाट कवचांची असल्याने त्यांना हा धोका नाही. तो पाण्याचा पंप, डायनॅमो आणि गिअरबॉक्स यांच्या गोळ्यांच्या बेअरिंगांना आहे. शे-दोनशे किलोमीटरांच्या टेम्पोत तो किरकोळ, आठवडाभराच्या रेल्वे किंवा जहाज प्रवासात खरा.

परदेशी पाठवणी : पेट्रोल इंजिन हे धोकादायक माल धरले जाते, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याचा क्रमांक 3528. कार्बोरेटर आणि नळ्यांतले पेट्रोल काढल्याशिवाय विमानाने ते स्वीकारले जात नाही. पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत 56° से. तापमानाला 30 मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले लागते.

मुक्कामी पोचल्यावर टोप्या मोजून काढाव्यात, चेंबरखाली हात फिरवून पोचा आहे का पाहावे, तेल भरावे, प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि अडत नसल्यास प्लगविनाच सेल्फ मारून तेलाचा दाब आल्याची खात्री करावी. त्यानंतरच इंजिन सुरू करावे.

कागदपत्रांत बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती, महत्त्वाची. आरसीवर इंजिन क्रमांक असतो, त्यामुळे तिची प्रत आणि कार्यशाळेचे बिल सोबत असलेले बरे. रस्ता मालवाहतूक अधिनियम, 2007 आणि त्याखालील नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर कबूल केलेला नसल्यास वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. 3,000 रुपये भाड्याला 30,000 रुपये. लेखी नोटिशीची मुदत 180 दिवसांची असून ती माल पोचल्याच्या नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात.