नगरचे दोन ‘वेडे’ राजे : मृत्यू, निदान आणि सत्ता

या मालेत आपण राजेराण्यांच्या मृत्यूंकडे वैद्यकाच्या नजरेनं पाहतो आहोत. आजचा विषय आमच्याच जिल्ह्यातला आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात ‘नगर’ येतं, तेवढी सवलत आम्हाला द्या.

राजाच्या मृत्यूबद्दल आपला पहिला प्रश्न असतो, कशानं गेला? आम्ही त्याला आणखी दोन प्रश्न जोडतो. ते कारण लिहून कोणी ठेवलं? आणि राजा गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती आली? वैद्यक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. पण उरलेले दोन विचारल्याशिवाय पहिल्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘कारण’ हा शब्द दिसला की आम्ही जरा थांबतो.

सरळ मृत्यूचं उदाहरण आधी घेऊ. औरंगजेब १६१८ साली जन्मला आणि ३ मार्च १७०७ रोजी नगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला. वय ८८. म्हाताऱ्या, थकलेल्या शरीराला ताप आला आणि त्यातच शेवट झाला. या मृत्यूत गूढ काही नाही. वारसांची भांडणं झाली, पण ती मृत्यूनंतर. मृत्यूच्या कारणाबद्दल भांडण झालं नाही.

आता ज्याच्या मृत्यूचं कारण इतकं साधं नाही, असा राजा पाहू. मुर्तझा निजामशहा, पहिला. तो १५६५ साली गादीवर आला. सुरुवातीची काही वर्षं कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हातात होता. पुढे त्यानं आईला कैद केलं आणि सत्ता स्वतःकडे घेतली. १५७४मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकली. म्हणजे राजा दुबळा नव्हता. मग इतिहासात त्याला ‘दिवाना’ हे नाव का पडलं?

याची हकिकत फिरिश्ता सांगतो. मुर्तझानं आपला कर्तबगार वजीर चंगीझखान याला संशयावरून विष देववलं. तो निर्दोष होता हे मागाहून कळलं. त्यानंतर राजानं लोकांत येणं सोडलं आणि कित्येक वर्षं महालाच्या आत एकांतात राहिला. कारभार वजिरांच्या हाती गेला. त्यांतला सलाबतखान आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, कारण नगरकर ज्याला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, ती डोंगरावरची इमारत खरं म्हणजे त्याची कबर आहे. मधूनच राजाला संशयाचे आणि रागाचे झटके येत. एकदा त्यानं स्वतःच्या मुलाच्या खोलीला आग लावली, असंही फिरिश्ता लिहितो. मुलगा मिरान हुसेन वाचला. १५८८ साली तो सैन्य घेऊन परतला. बापाला हमामखान्यात कोंडलं, दारं-खिडक्या बंद केल्या आणि खाली जाळ लावला.

शरीरात काय झालं असेल? बंद, तापलेल्या, दमट खोलीत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. आतलं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मेंदू गोंधळतो, शुद्ध हरपते. धूर आत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडही आलाच. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे रक्त वाहत असतं पण पेशी गुदमरतात. वैद्यकाचं उत्तर इथे संपतं.

आता दुसरा प्रश्न, लिहिलं कोणी? फिरिश्ता त्या वेळी नगरच्या दरबारात होता, राजाच्या पहाऱ्यावर होता. साक्षीदार जवळचा आहे. पण त्यानं इतिहास लिहिला तो पुढे विजापुरात, दुसऱ्या सुलतानाच्या आश्रयानं. साक्ष म्हणून आपण त्याचं जरूर ऐकू. मात्र ‘दिवाना’ हा शब्द वैद्याचं निदान समजून घेणार नाही. पश्चात्ताप, एकांत, संशय, संताप ही वर्णनं आहेत. चारशे वर्षांनंतर त्यांवर आजच्या एखाद्या आजाराची चिठ्ठी डकवणं हा वैद्यकाचा गैरवापर होईल. एवढं मात्र खरं की ‘राजा वेडा आहे’ हे एकदा सर्वांनी मानल्यावर त्याला हमामात कोंडणं सोपं झालं. आणि मिरान हुसेनचं काय झालं? वर्षभराच्या आत त्याचाही खून झाला. त्याला कोणी वेडा म्हटलं नव्हतं.

इंग्लंडचा तिसरा जॉर्ज पाहा. १७८८ साली त्याला भ्रम झाला. अखंड बडबड, झोप नाही. डॉक्टर विलिस यांनी त्याला हात बांधणाऱ्या अंगरख्यात घातलं. पार्लमेंटात वाद पेटला की राजप्रतिनिधी कोण? राजा काही महिन्यांत बरा झाला आणि वाद विझला. पुढे पुन्हा आजारी पडल्यावर १८११मध्ये मुलगा राजप्रतिनिधी झाला, तरी राजा राजाच राहिला आणि १८२०मध्ये अंथरुणावर वारला. १९६०च्या दशकात दोन मानसोपचारतज्ज्ञांनी मत मांडलं की त्याला पॉर्फिरिया हा रक्तघटकांचा आजार होता. नंतर इतरांनी ते खोडून उन्मादाच्या आजाराकडे बोट दाखवलं. २००५मध्ये त्याच्या केसांत आर्सेनिक सापडलं, आणि ते बहुधा औषधांतूनच आलं असावं असा निष्कर्ष निघाला. म्हणजे निदानाचा वाद दोनशे वर्षं चालू आहे. पण त्या राजाला कोणी मारलं नाही, कारण त्याच्याभोवती पार्लमेंट होतं, कुटुंब होतं आणि रोज बाहेर जाहीर होणारी प्रकृतीची बातमी होती.

आता पुन्हा नगरला येऊ. आपला किल्ला म्हटला की १९४२ची धरपकड आणि नेहरू आठवतात. त्याच किल्ल्यात त्याआधी साठेक वर्षं एक छत्रपती वारले, हे मात्र फारसं आठवत नाही. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३. आधीचे राजाराम महाराज १८७०मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, आणि पुढच्या वर्षी या मुलाला दत्तक घेतलं. वाढवलं इंग्रज पालकांच्या देखरेखीखाली. महाराज वयात येत होते, तसे त्यांच्या मनःस्वास्थ्याबद्दल प्रश्न उभे राहिले. त्यांना वेडं ठरवण्यात आलं, १८८२मध्ये राज्यकारभारासाठी राजप्रतिनिधी नेमला गेला आणि महाराजांना शेवटी नगरच्या किल्ल्यात ठेवलं.

महाराजांचा छळ होतो आहे, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिलं. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुराव्यातली पत्रं बनावट ठरली, आणि जुलै १८८२मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते एकशे एक दिवस आगरकरांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकाला पाठ आहेत. पण ज्यांच्यासाठी तो तुरुंगवास घडला, त्यांचं पुढे काय झालं? २५ डिसेंबर १८८३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि तीत महाराज वारले.

पोटावरच्या आघातानं प्लीहा फुटली, असं या मृत्यूबद्दल सांगितलं जातं. प्लीहा म्हणजे आपली पानथरी. ती डाव्या फासळ्यांच्या आड असते. हिवतापानं ती सुजते, नाजूक होते. मग जोराचा फटका बसला तर फुटते आणि माणूस आतल्या आत रक्त जाऊन मरतो. हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी खरं आहे. पण त्या काळात याच सत्याचा आधार घेऊन अनेक गोरे सुटत असत. १८७६मध्ये आग्र्याच्या फुलर या इंग्रज वकिलानं आपल्या मोतद्दाराला मारलं, तो प्लीहा फुटून मेला, आणि फुलरला दंड झाला तीस रुपये! व्हाइसरॉय लिटननंही त्यावर नाराजी व्यक्त केली. पानथरी आधीच सुजलेली होती, यात मारणाऱ्याचा काय दोष? हा तो युक्तिवाद.

आपल्या न्यायशास्त्रात कारणांचे प्रकार सांगितले आहेत. मडकं घडतं ते मातीपासून, पण कुंभाराशिवाय घडत नाही. कुंभार हे निमित्त कारण. सुजलेली पानथरी ही माती झाली. फटका मारणारा कोण, आणि त्याच्या हाती या तरुणाला सोपवलं कोणी, हे निमित्त. शवविच्छेदनात माती सापडते. कुंभार शोधायला कागदपत्रं वाचावी लागतात.

१५८८ आणि १८८३. मध्ये २९५ वर्षं. एकाच गावात दोन राजे, दोघांवर ‘वेडा’ हा शिक्का, दोघेही कोंडलेले असताना दुसऱ्याच्या हातून गेले. दोघांना मानसिक आजार असेलही, आम्ही तो नाकारत नाही. आमचं म्हणणं एवढंच की आजारानं त्यांना मारलं नाही. आजाराच्या नावाखाली त्यांचा शब्द कोणी ऐकेनासा झाला, आणि मग मारणं शक्य झालं. गंमत पाहा, महाराज गेले त्याच १८८३ साली जर्मनीत क्रेपेलिन यांनी मानसिक आजारांच्या वर्गीकरणाचं आपलं पहिलं पुस्तक काढलं. शास्त्र नुकतं रांगायला लागलं होतं, शिक्का मात्र आधीच तयार होता.

आता तुम्ही म्हणाल, राजे गेले, संस्थानं गेली, याचं आज काय? आपल्या देशात २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्यात म्हटलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे हे त्याच्या राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थानावरून ठरवायचं नाही. रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. हे कलम वाचताना आम्हाला नगरचा हमाम आणि नगरचा किल्ला दोन्ही आठवतात. गादी असो की दोन एकर शेत, वाटणीच्या वेळी घरातल्या एखाद्याला ‘त्याचं डोकं फिरलंय’ म्हणायची सोय अजून सगळीकडे आहे. तसं कानावर आलं की आपले तीन प्रश्न विचारा. झालं काय, सांगतंय कोण, आणि त्याला बाजूला केल्यावर मिळणार कोणाला?

पुढच्या व्याख्यानात थेऊरला जाऊ. माधवराव पेशव्यांचा राजयक्ष्मा. शंका असतील त्या आता विचारा.